‘श्यामची आई’ वर्गात शिकवताना

साने गुरुजींचे ‘श्यामची आई’ वाचताना मुलांचे डोळे पाणावले की धडा सफल झाला, असे पुष्कळदा मानले जाते. आम्ही कामगार चळवळीतली माणसे. शाळा अर्ध्यावर सुटली, पुढचे शिक्षण वाचनानेच झाले. आमचे म्हणणे एवढेच की, पुस्तकाशेजारी लेखकाचे आयुष्यही ठेवावे.

एकच प्रसंग घ्या. एका म्हाताऱ्या मोळीविकीची मोळी डोक्यावरून पडली आहे. ती अस्पृश्य मानलेल्या जातीची, म्हणून तिला हात लावायला कोणी पुढे येत नाही. आई श्यामला मदतीला पाठवते. पण मग अंघोळ करायलाही सांगते. येथे मास्तरांनी थांबून विचारावे : मदत योग्य, तर अंघोळ कशासाठी? मुले गप्प बसली तर बसू द्यावीत.

मग लेखकाकडे वळावे. श्याम म्हणजे बव्हंशी गुरुजीच. कोकणात पालगडला १८९९ साली त्यांचा जन्म. अमळनेरला ते शिक्षक होते. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात त्यांनी हे पुस्तक लिहिले. पुढे १९४७ च्या मे महिन्यात, पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून ते उपोषणाला बसले. मंदिर खुले झाले. आईने अर्धी वाट दाखविली, उरलेली मुलगा चालून गेला.

ह्याने आई लहान होत नाही. वडील माणसांचा मान राखूनही त्यांच्यापुढे जाता येते, हे मात्र मुलांना उमगते. प्रश्नपत्रिकेत निदान एक प्रश्न असा असावा, की ज्याचे उत्तर गाईडात सापडणार नाही.