अडुसष्ट सामन्यांचे शालेय वर्ष

हॉकी म्हटले की आपल्याला हिरवे टर्फ आठवते. कॅनडात हॉकी म्हणजे बर्फावरचीच. तिथल्या कॅनेडियन हॉकी लीगच्या छत्राखाली ओंटारियो, वेस्टर्न आणि क्वेबेक अशा तीन ज्युनियर लीग चालतात. खेळाडू बहुतेक १६ ते २० वर्षांचे. सप्टेंबर ते मार्च या काळात ओंटारियो आणि वेस्टर्नमधला प्रत्येक संघ ६८ सामने खेळतो. त्यानंतर बाद फेऱ्या आणि शेवटी मेमोरियल चषक. एनएचएलच्या व्यावसायिकांचा हंगाम वर्षानुवर्षे ८२ सामन्यांचा. फरक अवघा चौदाचा, आणि ते लोक विमानाने फिरतात, शाळेत जात नाहीत. वेस्टर्न लीगमधल्या प्रिन्स जॉर्जच्या संघाला शेजारच्या कॅमलूप्सला जायचे तरी बसने पाचशेहून अधिक किलोमीटर पडतात. लीग या मुलांना विद्यार्थी-खेळाडू म्हणते. वेळापत्रक पाहिले तर ते कामगारच ठरतात.

जानेवारीत अदलाबदलीची मुदत संपते, तेव्हा हे उघडे पडते. सतरा-अठराचा मुलगा घरापासून दूर, ‘बिलेट’ म्हणजे यजमान कुटुंबाकडे राहून शाळा करत असतो. त्याला दुसऱ्या संघाकडे धाडले की शाळा, घर, जेवणाचे टेबल सगळे वर्षाच्या मध्यावर बदलते. मोबदला म्हणून कधी नुसता पुढच्या निवडीतला हक्क मिळतो, म्हणजे ज्याचे नावही अजून ठरलेले नाही अशा कुठल्यातरी पोरावरचा. विद्यार्थ्याची अशी देवघेव कोणती शाळा करते?

यावर सांगितले जाते की मुले हौसेने येतात आणि प्रत्येक हंगामामागे एका वर्षाच्या उच्च शिक्षणाचा खर्च त्यांना मिळतो. तो मिळतो, अनेकांच्या उपयोगीही पडतो. पण त्याला अटी आणि मुदती आहेत, आणि हौस हे काही कामाच्या तासांचे उत्तर नव्हे. किमान वेतनाचा वाद कोर्टात गेला तेव्हा अनेक प्रांतांनी कायदा बदलून या खेळाडूंना त्यातून वगळले. गंमत अशी की सीमेपलीकडे अमेरिकी महाविद्यालयीन क्रीडासंस्था, एनसीएए, याच मुलांना व्यावसायिक ठरवून दारातच अडवत होती. ते दार २०२५ मध्ये उघडले. म्हणजे इतकी वर्षे एकच मुलगा पगार मागताना विद्यार्थी आणि प्रवेश मागताना व्यावसायिक!

सामने कमी केले तर छोट्या गावांतले संघ तिकिटांच्या पैशावाचून बुडतील, हा आक्षेप मात्र खरा वजनदार. तरीही क्वेबेक लीगने २०२४-२५ पासून हंगाम ६८ वरून ६४ वर आणला. चार सामने गेले. लीग चालूच आहे.