हात धरावा, पण ओढू नये : फिजिओथेरपी आणि घरातील सेवा

सांगलीच्या बाजारपेठेतील एखाद्या अडत व्यापाऱ्याचे घर डोळ्यांसमोर आणावे. चाळीस वर्षे गादीवर बसून हळद-गुळाचे व्यवहार सांभाळणाऱ्या अण्णांना वयाच्या ६४ व्या वर्षी पक्षाघाताचा झटका येतो. उजवा हात आणि उजवा पाय लुळा पडतो. वेळेवर रुग्णालय गाठल्यामुळे जीव वाचतो आणि दहा दिवसांनी अण्णा घरी येतात. मग सारे घर सेवेला लागते. सून घास भरवते, नातू पाण्याचा पेला तोंडाशी धरतो, मुलगा हात धरून ओढतो आणि पलंगावर बसवतो. अण्णांना शीण नको म्हणून दिवाणजी रोजमेळ दुकानातच पुरा करतात. कोणाच्याही निष्ठेत उणीव नसते. तरी तीन महिन्यांनी अण्णांचा उजवा खांदा ठणकू लागलेला असतो, बोटे आखडलेली असतात आणि सारी कामे डाव्या हाताने किंवा दुसऱ्याच्या हाताने होत असल्यामुळे उजव्या हाताकडे पाहणेही सर्वांनी सोडून दिलेले असते.

हे घर कल्पित असले तरी त्यातील चूक मात्र घरोघरी होणारी आहे. एकत्र कुटुंबात आजारी माणसाला काहीही करू न देणे हीच सेवेची परिसीमा मानली जाते. फिजिओथेरपीचे शास्त्र नेमके याच ठिकाणी वेगळे काही सांगते. जे अंग थोडे तरी हलू शकते, त्याचे काम दुसऱ्याने करून टाकले, तर ते अंग हळूहळू हलणे विसरते.

उपचारपद्धतीची वाटचाल

व्यायामाने आणि हाताच्या स्पर्शाने शरीर पूर्ववत करण्याची कल्पना प्राचीन आहे. तिला आधुनिक शिस्त लाभली ती युरोपात. स्वीडनमध्ये पेर हेन्रिक लिंग यांनी १८१३ मध्ये स्टॉकहोम येथे शारीरिक शिक्षणाची मध्यवर्ती संस्था स्थापन केली. इंग्लंडमध्ये १८९४ मध्ये चार परिचारिकांनी या व्यवसायाची पहिली संघटना उभी केली. पुढे दोन महायुद्धांतील जखमी सैनिकांना पुन्हा चालते करताना या शास्त्राची उपयुक्तता जगाला पटली.

भारतातील आरंभाचा महाराष्ट्राशी थेट संबंध आहे. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईत पोलिओची साथ आली. लुळ्या पडलेल्या मुलांना पुन्हा उभे करणारे प्रशिक्षित हात देशात जवळजवळ नव्हतेच. त्या निकडीतून जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने परळच्या के. ई. एम. रुग्णालयात १९५३ मध्ये फिजिओथेरपीचे विद्यालय सुरू झाले. १९५५ मध्ये फिजिओथेरपिस्टांची अखिल भारतीय संघटना स्थापन झाली आणि त्याच वर्षी मुंबईत हाजी अली येथील पुनर्वसन संस्थाही उभी राहिली. मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त घोषित झाला. ज्या रोगामुळे हे शास्त्र येथे रुजले तो रोग गेला, परंतु पक्षाघात, मणक्याचे विकार आणि सांध्यांची झीज यांनी त्याची गरज कितीतरी वाढवली आहे.

पक्षाघातानंतरचे दिवस

पक्षाघातात दोष हातापायांत नसतो, मेंदूत असतो. मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो आणि त्या भागाच्या ताब्यातील हालचाल थांबते. चेहरा एका बाजूला वाकडा होणे, एक हात वर न उचलणे, बोलणे अडखळणे यांपैकी एक लक्षण दिसले तरी घरगुती उपायांत वेळ न दवडता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते.

प्रकृती स्थिर झाली की एक-दोन दिवसांतच फिजिओथेरपीला आरंभ होतो. मात्र येथेही तारतम्य हवे. पहिल्या चोवीस तासांतच रुग्णाला वारंवार आणि दीर्घकाळ उठवणे हिताचे नसते, असे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात आढळले. थोडे थोडे, बेताने आणि जाणकाराच्या देखरेखीखाली करणे हीच योग्य रीत होय.

यामागचे तत्त्व मेंदूच्या लवचिकतेचे आहे. मृत झालेल्या पेशी परत येत नाहीत, परंतु शेजारच्या पेशी सरावाने त्यांचे काम काही प्रमाणात शिकून घेतात. हा सराव शेकडो वेळा व्हावा लागतो आणि तो रुग्णाच्या जीवनातील खऱ्या कामाचा असावा लागतो. हवेत हात हलवण्यापेक्षा पेला उचलून ओठांपर्यंत नेणे अधिक उपयोगी. व्यापाऱ्याच्या बाबतीत नोटा मोजणे, वहीचे पान उलटणे, कॅल्क्युलेटरची कळ दाबणे, कापडाची घडी घालणे ही कामे उत्तम व्यायाम ठरतात. सुधारणेचा वेग पहिल्या तीन महिन्यांत सर्वाधिक असतो. त्यानंतर तो मंदावतो, पण थांबत नाही. म्हणून ‘सहा महिने झाले, आता काही होणार नाही’ हा निष्कर्ष रुग्णावर अन्याय करणारा आहे.

एका पद्धतीत चांगल्या हाताला दिवसाचा बहुतेक काळ मोजा घालून बांधून ठेवतात, म्हणजे दुबळ्या हाताला काम करावेच लागते. मनगट आणि बोटे थोडी तरी हलवता येणाऱ्या रुग्णांना तिचा लाभ होतो, हे २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासाने दाखवून दिले. भारतीय वंशाचे मेंदूशास्त्रज्ञ विलयनूर रामचंद्रन यांनी तुटलेल्या हाताच्या वेदनांवर आरशाचा उपाय सुचवला होता. तो पुढे पक्षाघातातही वापरला जाऊ लागला. दोन्ही हातांच्या मध्ये आरसा उभा करून रुग्ण चांगला हात हलवतो. आरशात त्याला दुबळाच हात हलताना दिसतो आणि मेंदूला चालना मिळते.

घरच्यांनी जपावयाच्या गोष्टी साध्या आहेत. खांद्याचा सांधा भोवतीच्या स्नायूंनी सावरलेला असतो. ते स्नायू लुळे पडले की हात ओढल्याने सांधा निसटू लागतो आणि वेदना मागे लागते. म्हणून रुग्णाला उठवताना लुळ्या हाताला धरून ओढू नये. पाठीमागून खांद्याच्या पात्याला आणि कमरेला आधार द्यावा. बसलेले असताना तो हात उशीवर ठेवावा, लोंबकळू देऊ नये. बोलताना दुबळ्या बाजूस बसावे, म्हणजे रुग्णाचे लक्ष त्या बाजूकडे वळते. आणि एखाद्या पोटरीला अचानक सूज येऊन ती दुखू लागली, तर तेल लावून चोळू नये. आत रक्ताची गुठळी असू शकते, चोळल्याने ती सुटून फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. तत्काळ डॉक्टरांना दाखवावे.

पाऊल अडखळते तेव्हा

पार्किन्सन्सचा विकार लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये प्रथम सविस्तर नोंदवला. त्यात हातांचा कंप सर्वांना दिसतो. त्याहून त्रासदायक असते ते पावलाचे थिजणे. दारातून जाताना किंवा वळताना पाय जणू जमिनीला चिकटतात. अशा वेळी मागून ढकलल्यास रुग्ण पडतो. त्याऐवजी फरशीवर आडव्या पट्ट्या चिकटवून त्या ओलांडण्यास सांगणे, ‘एक-दोन, एक-दोन’ असा ठेका देणे, लांब पाऊल टाकण्याचा सराव करून घेणे हे उपाय गुण देतात. औषधे चालू ठेवून त्यांच्या जोडीने नियमित व्यायाम केल्यास स्वावलंबन अधिक काळ टिकते. पुण्याचे पार्किन्सन्स मित्रमंडळ यांसारख्या स्वमदत गटांमुळे रुग्ण आणि कुटुंबीय दोघांचेही एकाकीपण कमी होते.

पायांना मुंग्या येणे, तोल जाणे, तळवे बधिर वाटणे या तक्रारी मात्र प्रत्येक वेळी व्यायामाने सुटत नाहीत. ब-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतिजन्य आहारातून मिळत नाही, शाकाहारी माणसाला ते मुख्यतः दूध आणि दुधाच्या पदार्थांतून मिळते. दूध कमी घेणाऱ्या शाकाहारी घरांत त्याची उणीव सहज संभवते. अशा तक्रारींत रक्ताची तपासणी आधी व्हावी. मधुमेहामुळेही हीच लक्षणे दिसतात.

गादी, काउंटर आणि कंबर

कंबरदुखी हा व्यापाऱ्याचा जुना सोबती आहे. गादीवर पुढे वाकून वही लिहिणे, काउंटरमागे तासन्‌तास उभे राहणे, दिवसभर मोबाइलवर मान झुकवणे आणि अधूनमधून हमाल नसताना स्वतःच पोते उचलणे, या सर्वांचा भार मणक्यावर येतो. दुखू लागले की पंधरा दिवस अंथरुणावर पडून राहण्याची पूर्वीची सल्ला-पद्धत आता मागे पडली आहे. साध्या कंबरदुखीत जमेल तितके हिंडते-फिरते राहणारा लवकर बरा होतो, आणि बहुतेकांना सहा आठवड्यांत चांगला उतार पडतो. दर अर्ध्या-पाऊण तासाने उठून दुकानात चार पावले टाकणे, पाठीला लोड घेणे, ओझे उचलताना गुडघ्यांत वाकून ते अंगालगत धरणे, एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो.

काही लक्षणे मात्र वेगळी आहेत. लघवी किंवा शौचावरील ताबा जाणे, मांड्यांच्या मधला भाग बधिर होणे, पायातील शक्ती कमी होत जाणे, सोबत ताप किंवा अकारण वजन घटणे, यांपैकी काहीही आढळल्यास व्यायाम थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

गुडघा आणि खांदा

गुडघ्याची झीज झाली म्हणून चालणे बंद करावे, हा समज उलटा आहे. मांडीच्या पुढच्या बाजूचा स्नायू बळकट असेल, तर सांध्यावरील ताण तो वाटून घेतो. खुर्चीवर बसून पाय सरळ करणे, पाच मोजेपर्यंत धरणे आणि सावकाश खाली आणणे, हा साधा व्यायामही नियमाने केल्यास वेदना घटते. वजन एक किलो कमी झाले, तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. मांडी घालून सामायिकाला बसता येत नाही, ही खंत अनेक ज्येष्ठांना असते. फिजिओथेरपिस्टला ती मोकळेपणाने सांगावी, म्हणजे आधी खुर्ची, मग उंच पाट अशा पायऱ्यांनी काय साध्य होईल, हे ठरवता येते.

खांदा गोठण्याचा विकार चाळिशी ते साठीच्या दरम्यान आढळतो, आणि मधुमेह असणाऱ्यांत त्याचे प्रमाण बरेच अधिक असते. हात पाठीमागे जात नाही, वरच्या फळीवरील डबा काढता येत नाही, रात्री त्या कुशीवर झोपवत नाही. तो बरा होण्यास एक ते तीन वर्षे लागू शकतात. दुखण्याच्या पहिल्या टप्प्यात जबरदस्तीने हात वर खेचल्यास वेदना वाढते. पुढे वाकून हात लंबकासारखा हलवणे आणि भिंतीवर बोटांनी चढणे हे सौम्य प्रकार तेव्हा पुरतात. रक्तातील साखर आटोक्यात ठेवणे हा या उपचाराचाच भाग समजावा.

उपचार निवडताना

व्यापारी माणूस माल पारखून घेतो, उपचारही पारखून घ्यावा. फिजिओथेरपिस्टची विद्यापीठाची पदवी विचारण्यात संकोच नसावा. या व्यवसायाच्या नियमनासाठी २०२१ मध्ये केंद्रीय कायदाही झाला आहे. चांगला फिजिओथेरपिस्ट पहिल्या दिवशी सविस्तर तपासतो, चालवून-उठवून पाहतो, उद्दिष्ट लिहून ठेवतो आणि घरी करावयाचे व्यायाम शिकवतो. केवळ शेक आणि यंत्राच्या तारा लावून रोज परत पाठवले जात असेल, तर पुढे काय करावयाचे आहे, हे विचारावे. यंत्राने वेदना काही काळ शमते. बळ मात्र रुग्णाच्या स्वतःच्या हालचालीनेच येते.

सेवा करणाऱ्याची पाठही जपावी लागते. वयस्क माणसाला उचलता-बसवताना सुनेची किंवा पत्नीची कंबर धरते आणि एका घरात दोन रुग्ण होतात. पलंगाची उंची वाढवणे, न्हाणीघरात पकडदांडी बसवणे, उंच कमोड ठेवणे आणि उठवण्याची योग्य रीत घरातील किमान दोघांनी शिकून घेणे हा खर्च लहान आहे, लाभ मोठा.

आणि अण्णांचे काय? फिजिओथेरपिस्टने घरी येऊन त्यांना पहिला प्रश्न विचारला, “तुम्हाला काय करता यावेसे वाटते?” मुलगा म्हणाला, “अण्णांना आता कशाला त्रास द्यायचा? दुकान आम्ही बघतोय.” अण्णा मात्र सावकाश बोलले, “दिवाळीला नव्या वहीचं पहिलं पान मी लिहितो. ते लिहायचंय.” त्या दिवसापासून सूनबाई घास भरवीत नाहीत. जाड मुठीचा चमचा उजव्या हातात देतात, कोपराला आधार धरतात आणि थांबतात. जेवणाला दहा मिनिटांऐवजी पाऊण तास लागतो, सांडते, कपडे बदलावे लागतात. दिवाणजी रोज संध्याकाळी वही घेऊन घरी येतात. दिवाळीपर्यंत अक्षर पूर्वीसारखे वळणदार होईलच, असे कोणी सांगू शकत नाही. पण ते पान लिहिण्यासाठी अण्णांचाच हात पुढे होईल, आणि घरातील कोणी घाईने लेखणी काढून घेणार नाही.