दुर्गच्या कलेक्टर कचेरीतलं नागरिकत्व

२८ मे २०२१ रोजी केंद्रीय गृह मंत्रालयाने राजपत्रात एक अधिसूचना काढली. तिच्यात पाच राज्यांतल्या तेरा जिल्ह्यांची नावं होती : गुजरातेतले मोरबी, राजकोट, पाटण, वडोदरा, राजस्थानातले जालोर, उदयपूर, पाली, बाडमेर, सिरोही, हरियाणातलं फरिदाबाद, पंजाबातलं जालंधर आणि छत्तीसगडातले बलौदाबाजार व दुर्ग. पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातून आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती अर्जदारांना भारताचं नागरिकत्व देण्याचा अधिकार या जिल्ह्यांच्या कलेक्टरांना मिळाला. देश तेव्हा कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत होता. जी चर्चा झाली ती हे नागरिकत्व दुरुस्ती कायद्याचं (सीएएचं) मागचं दार आहे का, या एका प्रश्नाभोवती फिरली. दुर्ग जिल्ह्यात भिलाई आहे, याकडे फारसं कोणाचं लक्ष गेलं नाही. मला ते फार महत्त्वाचं वाटतं.

ज्या गावांच्या जमिनीवर कारखाना उभा राहिला तिथली माणसं सोडली, तर भिलाईतलं जवळजवळ प्रत्येक घर कुठून तरी आलेलं आहे. सोव्हिएत संघाशी पोलाद कारखान्याचा करार झाला २ फेब्रुवारी १९५५ रोजी; पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांनी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी केलं. मधल्या चार वर्षांत आणि पुढेही आंध्र, केरळ, बंगाल, बिहार, ओडिशा, पंजाब अशा चहूकडून माणसं आली. रशियन तज्ज्ञ आले. दोन सरकारांच्या करारामुळे आलेल्या या परदेशी माणसांच्या कागदांची काळजी सरकारनेच वाहिली.

मराठी वाचकाने एक गोष्ट इथे ध्यानात घ्यावी. करार झाला तेव्हा दुर्ग जिल्ह्याचा कारभार नागपुरातून चालायचा, कारण जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला, दुर्ग नव्या मध्य प्रदेशात राहिला. नागपूर-भंडाऱ्याकडून भिलाईला कामाला आलेला माणूस आला तेव्हा स्वतःच्याच राज्यात होता. घर न बदलता तो परप्रांतातला झाला. २००० साली छत्तीसगड वेगळं झालं आणि त्याच्या कागदांवर तिसऱ्या राज्याचं नाव आलं.

अशा शहराच्या जिल्ह्यात परदेशातून आलेल्यांना आपलं म्हणण्याचा अधिकार आला, तो मुख्यतः सिंधी लोकांसाठी. फाळणीनंतर सिंधी कुटुंबं महाराष्ट्रात कल्याण कॅम्पात उतरली, त्याचं उल्हासनगर झालं. नागपुरात जरीपटका वसला. त्याच लाटेतली कुटुंबं रायपूर, भाटापारा, दुर्ग, भिलाई या गावांत पोचली आणि कापड, किराणा, धान्याच्या व्यापारात रुजली. पण फाळणीची ही वाहतूक १९४८ मध्ये थांबली नाही. सिंधमध्ये मागे राहिलेले नातेवाईक दशकानुदशकं येत राहिले. रायपूरच्या शदाणी दरबार या सिंधी धर्मपीठाचं मूळ स्थान सिंधमधल्या घोटकी जिल्ह्यात, हयात पिताफी इथे आहे. १९७४ च्या भारत-पाकिस्तान करारानुसार इथले यात्रेकरू तिथे जात, तिथले इकडे येत. यात्रेच्या किंवा भेटीच्या व्हिसावर आलेल्या काही कुटुंबांनी परत न जाण्याचं ठरवलं. तिथून पुढे त्यांचं आयुष्य अर्जांवर चालतं.

पहिला अर्ज दीर्घ मुदतीच्या व्हिसाचा. त्याला सगळे ‘एलटीव्ही’ म्हणतात, म्हातारी आजीसुद्धा. तो आता एका वेळी पाच वर्षांपर्यंत मिळू शकतो. पूर्वी वर्षावर्षाने वाढवून घ्यावा लागे. जिल्ह्याचा पोलीस अधीक्षक हाच परदेशी नागरिकांचा नोंदणी अधिकारी असतो, म्हणून नोंद, पत्ता, मुदतवाढ हे सगळं एसपी ऑफिसातून. २०१६ साली केंद्राने एलटीव्हीवरच्या अल्पसंख्याकांना बऱ्याच सवलती दिल्या : बँक खातं, पॅन, आधार, वाहन परवाना, राहण्यापुरतं घर विकत घेण्याची मुभा, आणि राज्यभर फिरण्याची मोकळीक. नागरिकत्वाचं हजारो रुपयांचं शुल्क शंभर रुपयांवर आणलं. ही कामं खरोखर मोलाची होती. तरी ‘राज्यभर’ या अटीत काय दडलं आहे ते नकाशावर पाहावं. भिलाईचा एलटीव्हीधारक परवानगीशिवाय थेट बस्तरात जगदलपूरपर्यंत जाऊ शकतो, आणि त्याच्या निम्म्या अंतरावरच्या गोंदियाला मात्र जाऊ शकत नाही, कारण मध्ये राज्याची सीमा आहे. बहीण जरीपटक्यात दिली असेल तर तिच्या घरच्या लग्नासाठीही आधी अर्ज करावा लागतो.

दुसरा अर्ज नागरिकत्वाचा. कायद्यात त्याचे दोन मुख्य रस्ते आहेत. आईवडील किंवा स्वतः अविभाजित भारतात जन्मलेले असतील, किंवा जोडीदार भारतीय असेल, तर कलम ५ खाली नोंदणी. त्यासाठी साधारण सात वर्षांचं वास्तव्य लागतं. ते नसेल तर कलम ६ खाली देशीयकरण. त्याला शेवटचं सलग एक वर्ष आणि त्याआधीच्या चौदा वर्षांपैकी अकरा वर्षं. अर्ज ऑनलाइन भरायचा, छापील प्रत आणि मूळ कागद कलेक्टर कचेरीत न्यायचे. चारित्र्याची ग्वाही देणारी भारतीय नागरिकांची शपथपत्रं, वर्तमानपत्रातली जाहिरात, पोलीस आणि गुप्तवार्ता विभागाचे अहवाल. देशीयकरणासाठी आठव्या अनुसूचीतली एक भाषा यावी लागते. इथे १९६७ सालची घटनादुरुस्ती कामाला येते : भारतात सिंधी भाषेचं राज्य नाही, पण त्या वर्षी ती अनुसूचीत आली, आणि सिंधहून आलेला माणूस आपल्या मातृभाषेवर ही अट पूर्ण करू शकतो.

सर्वांत अवघड कागद होता जुना देश सोडल्याचा. पाकिस्तानी पासपोर्ट दिल्लीतल्या त्यांच्या उच्चायुक्तालयात जमा करून नागरिकत्व सोडल्याचं प्रमाणपत्र आणायचं, म्हणजे हजार किलोमीटरच्या पलीकडचा प्रवास, त्याचीही परवानगी, शिवाय तिथली फी. ज्या सरकारच्या भीतीने घर सोडलं त्याच्याच खिडकीवर उभं राहायचं. गृह मंत्रालयाने पुढे या प्रमाणपत्राऐवजी शपथपत्र चालेल असं ठरवलं. नोकरशाहीने अर्जदाराची अडचण समजून घेतली, तर एका परिपत्रकाने किती ओझं उतरतं याचं हे चांगलं उदाहरण आहे.

२०२१ पूर्वी दुर्गच्या अर्जदाराची फाईल कलेक्टरकडून रायपूरला राज्याच्या गृह विभागाकडे आणि तिथून दिल्लीला जाई. २००९ च्या नियमांनी कलेक्टरला साठ दिवस आणि राज्याला तीस दिवस दिले आहेत. दिल्लीने किती दिवसांत निर्णय द्यावा याला मर्यादाच नाही. डिसेंबर २०१६ मध्ये सात राज्यांतल्या सोळा कलेक्टरांना हा निर्णयाचा अधिकार दिला गेला, त्यांत आपले नागपूर, मुंबई, पुणे, ठाणे होते आणि छत्तीसगडचं रायपूर. त्याआधी २००४ मध्ये गुजरात आणि राजस्थानच्या काही सीमावर्ती जिल्ह्यांत असाच प्रयोग झाला होता. २०२१ च्या यादीने आकडा एकोणतीस जिल्ह्यांवर नेला. आता दुर्गचा कलेक्टर स्वतः चौकशी करून, समाधान झालं तर प्रमाणपत्र देतो, नोंदवही ठेवतो आणि सात दिवसांत तिची प्रत केंद्राला पाठवतो. भिलाईच्या माणसासाठी निर्णयाची खुर्ची शेजारच्या गावात आली.

तिची गरज आकड्यांत दिसते. डिसेंबर २०२१ मध्ये गृह राज्यमंत्री नित्यानंद राय यांनी संसदेत सांगितलं की २०१८ पासूनच्या चार वर्षांत या तीन देशांतल्या अल्पसंख्याकांचे ८,२४४ अर्ज आले आणि ३,११७ जणांना नागरिकत्व मिळालं. सर्व परदेशी अर्जदार धरून त्या वेळी १०,६३५ अर्ज पडून होते. त्यांतले ७,३०६ पाकिस्तानी नागरिकांचे. या आकड्यांमागे शिक्षण संपलेली, नोकरीचं वय झालेली मुलं आहेत. १ जुलै १९८७ पूर्वी भारतात जन्मलेलं मूल जन्मानेच भारतीय होतं. मग आईवडिलांपैकी एक भारतीय असण्याची अट आली. ३ डिसेंबर २००४ पासून दोघेही भारतीय हवेत, किंवा एक भारतीय आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसावा. म्हणून आज भिलाईच्या रुग्णालयात एलटीव्हीवरच्या जोडप्याला झालेलं मूल, छत्तीसगडी बोलत मोठं होणारं, शाळेत इथलंच राज्यगीत म्हणणारं, कायद्याने परदेशी असतं. त्याने पाकिस्तान कधी पाहिलेलाही नसतो.

११ मार्च २०२४ रोजी सीएएचे नियम आले आणि तिसरा रस्ता उघडला. ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्यांना वास्तव्याची अकराऐवजी पाच वर्षांची अट, आणि निर्णयाची यंत्रणा वेगळी : जिल्हा समितीचा प्रमुख टपाल खात्याचा अधीक्षक, वरच्या समितीचा प्रमुख जनगणना संचालक. कलेक्टर त्यात नाही. म्हणजे एकाच घरात २०१३ साली आलेला थोरला भाऊ टपाल कार्यालयाकडे जाऊ शकतो आणि २०१६ साली आलेला धाकटा फक्त कलेक्टरकडे. सप्टेंबर २०२५ च्या आदेशाने ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत आलेल्या याच समाजांना वैध पासपोर्ट-व्हिसा नसल्याच्या शिक्षेतून सूट मिळाली. नागरिकत्वाची २०१४ ची तारीख मात्र तीच राहिली. शिक्षेतून सुटका आणि हक्काचा प्रवेश यांत फरक आहे, आणि तो अर्जदाराला नीट समजावून सांगणारं सरकारी टेबल आज जिल्ह्यात नाही. ते काम वकील आणि समाजाच्या पंचायती करतात.

कागदाची ही धास्ती फक्त परदेशातून आलेल्यांची नाही. भिलाईत ‘मिसल’ हा शब्द काढला की मराठी, तेलुगू, ओडिया घरांत तीच धास्ती दिसते. मिसल म्हणजे जमिनीच्या जुन्या बंदोबस्ताची नोंद. अनुसूचित जातीचा राज्याचा दाखला हवा तर १० ऑगस्ट १९५० पूर्वीचं वास्तव्य दाखवायचं. इतर मागासवर्गासाठी तारीख २६ डिसेंबर १९८४. कारखान्याचा करारच १९५५ चा, मग कारखान्यासाठी आलेला माणूस १९५० ची मिसल कुठून आणणार? सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये मर्री चंद्रशेखर राव खटल्यात सांगितलं की एका राज्यातली अनुसूचित जात दुसऱ्या राज्यात आपोआप तशी धरली जात नाही. २०१८ मध्ये बीर सिंह खटल्यात राज्यांच्या सेवांपुरतं तेच कायम केलं. त्यामागे स्थानिक वंचितांचा वाटा राखण्याचा विचार आहे आणि तो रास्त आहे. पण तिसऱ्या पिढीने आजोबांच्या गावच्या तहसीलीत खेटे घालावेत, हे त्या विचारात बसत नाही. छत्तीसगडच्या २०१३ च्या कायद्याने कागद नसेल तिथे ग्रामसभेच्या ठरावाची वाट दिली. तिचा उपयोग मूळच्या गावकऱ्यांना झाला, टाउनशिपच्या क्वार्टरात वाढलेल्यांना नाही.

२०२५ मध्ये हा प्रश्न उलट्या बाजूने आला. २२ एप्रिलच्या पहलगाम हल्ल्यानंतर पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा २७ एप्रिलपासून रद्द झाले. हिंदूंचे एलटीव्ही कायम राहतील असं केंद्राने स्पष्ट केलं, तरी भेटीच्या व्हिसावर नुकत्याच उतरलेल्या कुटुंबांनी ते दिवस कसे काढले असतील याची कल्पना करता येते. मग संशयित बांगलादेशी शोधण्याची मोहीम आली. छत्तीसगडात जिल्ह्याजिल्ह्यात विशेष पथकं नेमली गेली. जुलैत कोंडागावात पश्चिम बंगालच्या मजुरांना ताब्यात घेतल्यावरून वाद झाला. घुसखोरी रोखणं सरकारचं काम आहेच. पण ज्या जिल्ह्यात अनेक कामगारांचे दाखले दुसऱ्या राज्यातले आहेत, तिथे बोलण्याच्या लकबीवरून माणूस उचलला तर चूक होणारच, आणि तिची किंमत रोजंदारीवरचा माणूस भरतो.

माझं मत स्पष्ट आहे. निर्णयाचा अधिकार जिल्ह्यात आणणं योग्य होतं. ज्या कचेरीच्या शिपायालाही अर्जदाराचं दुकान माहीत आहे, तिची चौकशी दिल्लीतल्या कक्षापेक्षा खरी असते. मात्र तो अधिकार सहा धर्मांपुरता देणं मला पटत नाही. सर्वोच्च न्यायालयात मुस्लिम लीगच्या याचिकेवर केंद्राने सांगितलं होतं की २०२१ ची ही अधिसूचना सीएएशी संबंधित नाही, ती कायदेशीर मार्गाने आलेल्यांसाठी केवळ अधिकार खाली सोपवणारी आहे. हे मान्य केलं, तर श्रीलंकेतून आलेला तमिळ किंवा अफगाणिस्तानातून रीतसर आलेला मुसलमान यांची फाईल लांबच्या रस्त्याने का पाठवायची, याचं उत्तर उरत नाही. छाननी कडक करा, निकष हवे तितके कठीण ठेवा, पण खिडकी एकच असू द्या.

आणि मुदत घाला. छत्तीसगडच्या २०११ च्या लोकसेवा हमी कायद्यात मूळ निवासी दाखल्याला मुदत आहे, उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला दंड आहे. तिथल्या चॉइस सेंटरवर (सरकारी दाखल्यांच्या सेवा केंद्रावर) अर्ज करणाऱ्या माणसाला पावतीवर तारीख मिळते. जन्मभराचा प्रश्न असलेल्या नागरिकत्वाच्या अर्जालाही तशी तारीख आणि नकार असेल तर लेखी कारण मिळालं पाहिजे. महाराष्ट्रातही नागपूर, पुणे, ठाणे, मुंबईच्या कलेक्टरांकडे हाच अधिकार आहे. जरीपटक्यात, उल्हासनगरात, पिंपरीत आपल्या ओळखीचं एखादं कुटुंब अजून एलटीव्हीवर असेल, तर त्यांना एवढं जरूर सांगा : मुलांच्या जन्माचे दाखले आणि प्रत्येक मुदतवाढीचा कागद सांभाळून ठेवा, वास्तव्याची वर्षं पूर्ण झाल्याबरोबर अर्ज करा, आणि पोचपावती घेतल्याशिवाय कचेरी सोडू नका.