हरणाने केला घोटाळा!

मुलांनो, मोबाईलवर मित्राबरोबर गेम खेळताना असं भांडण झालंय का? "मी तुला आधीच बाद केलं!" "छे, मी केव्हाच पळालो होतो!" मग 'रडीचा डाव' म्हणून अबोला. पण गंमत सांगू? कधी कधी दोघंही खरं बोलत असतात!

आंबेगाव तालुक्यातल्या आमच्या शाळेत आम्ही एक प्रयोग केला. दोन वर्गांत सापशिडीचे दोन पट मांडले. मधल्या ओट्यावर एक मुलगी फासा टाकून आकडा मोठ्यानं सांगायची. दोन्ही वर्गांत तीच सोंगटी तेवढीच सरकवायची. म्हणजे दोन्ही पट सारखेच राहायला हवेत, हो ना? पण शेवटी एका वर्गात लाल सोंगटी जिंकली, तर दुसऱ्यात तिला सापानं गिळलं! झालं! दोन जिवलग मित्र डबा खायलाही वेगळे बसले.

सुदैवानं दोन्ही वर्गांनी प्रत्येक खेळी वहीत लिहिली होती. वह्या शेजारी ठेवल्या. नवव्या खेळीला एकीकडे 'चार', दुसरीकडे 'पाच'! नेमकी तेव्हाच रस्त्यावरून एसटी गेली होती. चूक झाली नवव्या खेळीला, दिसली मात्र शेवटी.

प्रोग्राममधल्या चुकीला 'बग', म्हणजे किडा, म्हणतात. 1997 साली आलेला 'एज ऑफ एम्पायर्स' हा खेळ तयार करणाऱ्यांना असाच किडा छळत होता. त्यात प्रत्येक संगणक आपलं युद्ध स्वतःच मांडायचा. एकमेकांना पाठवायचे फक्त हुकूम. एका संगणकावर एखादं हरीण जरासं वेगळं उभं राहिलं, की काही मिनिटांनी शिकाऱ्याचा भाला चुकायचा, मांस मिळायचं नाही आणि दोन संगणकांवर दोन वेगळी युद्धं व्हायची! मग नोंदींच्या लांबलचक याद्या ताडत ते हरीण शोधायचं.

दुसरी अडचण उशिराची. हुकूम पोचायला वेळ लागतो. म्हणून त्या खेळात हुकूम लगेच पाळला जात नसे. थोडं थांबून सगळ्या संगणकांवर एकाच पाळीला पाळला जाई. आमच्या शेजारच्या जुन्नर तालुक्यात, खोडदच्या रेडिओ दुर्बिणीतही हीच युक्ती आहे. तिच्या 30 तबकड्या सुमारे 25 किलोमीटर परिसरात पसरल्या आहेत. लांबच्या तबकडीचा संदेश उशिरा येतो. म्हणून आधी आलेले संदेश क्षणभर रोखतात आणि मग सगळे जुळवतात.

आमच्या त्या दोन मित्रांनी वह्या पाहिल्या आणि उरलेला डबा एकत्र खाल्ला. तुम्हीही मित्राला खोटं ठरवण्याआधी वह्या ताडून पाहाल ना?