मिशीवरून पेटलेला 'नोस्फेराटू'चा वाद
- प्रतिनिधी

एखाद्या पात्राला मिशी असावी की नसावी, यावरून जगभरच्या चित्रपटरसिकांत दोन तट पडतील, असे कोणाला वाटले नसेल. रॉबर्ट एगर्स यांचा 'नोस्फेराटू' डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत आणि पाठोपाठ जानेवारी २०२५ मध्ये भारतात प्रदर्शित झाला, तेव्हा मात्र नेमके हेच घडले. प्रसिद्धीच्या काळात काउंट ऑरलॉकचा चेहरा कटाक्षाने झाकून ठेवण्यात आला होता. तो पडद्यावर प्रकटला आणि अनेक चाहते चक्रावले. बिल स्कार्सगार्ड यांनी साकारलेल्या या रक्तपिपासूला चक्क झुपकेदार मिशी होती!

या धक्क्याचे मूळ १९२२ मध्ये आहे. एफ. डब्ल्यू. मुर्नाऊ यांच्या जर्मन मूकपटात मॅक्स श्रेक यांनी रंगवलेला ऑरलॉक तुळतुळीत टकलाचा, टोकदार कानांचा, उंदरासारखे पुढे आलेले दात आणि लांबलचक नखे असलेला होता. जिन्यावरून सरकत जाणारी त्याची सावली भयपटांच्या इतिहासात अजरामर झाली. शंभर वर्षे मनात जपलेली ही प्रतिमा पुसली गेली, अशी जुन्या चाहत्यांची तक्रार आहे.

एगर्स यांचे समर्थक याला उत्तर देतात. ऑरलॉक हा ट्रान्सिल्व्हेनियातील मृत सरदार आहे, तेव्हा त्याला मिशी असणारच, अशी खुद्द दिग्दर्शकाची भूमिका आहे. शिवाय ब्रॅम स्टोकर यांच्या १८९७ च्या 'ड्रॅक्युला' कादंबरीतील काउंटलाही मिशी आहेच. मग 'मूळ' म्हणायचे कोणाला?

मूळच मुळात नक्कल

या प्रश्नाचे उत्तर सोपे नाही. कारण मुर्नाऊ यांचा चित्रपट हीच मुळात विनापरवाना केलेली नक्कल होती. 'प्राना फिल्म' या निर्मिती संस्थेने स्टोकर यांच्या वारसांची परवानगी न घेता कथा उचलली आणि पात्रांची नावे बदलली. 'ड्रॅक्युला'चा 'ऑरलॉक' झाला, तो असा! स्टोकर यांच्या पत्नी फ्लोरेन्स न्यायालयात गेल्या आणि १९२५ मध्ये चित्रपटाच्या सर्व प्रती नष्ट करण्याचा आदेश निघाला. तरीही काही प्रती बचावल्या. आज ज्या कलाकृतीशी इमान राखण्याचा आग्रह धरला जातो, ती या प्रतींमुळेच आपल्यापर्यंत पोहोचली.

मुर्नाऊ यांनीही कथेत मोकळेपणाने फेरफार केले. कादंबरीतला ड्रॅक्युला दिवसाउजेडी हिंडूफिरू शकतो. सूर्यप्रकाशाने रक्तपिपासूचा अंत होतो, ही कल्पना १९२२ च्या चित्रपटाने रूढ केली. त्या वेळी घेतलेले हे स्वातंत्र्य आज परंपरा म्हणून ओळखले जाते.

प्रत्येक आवृत्तीने भीतीचा अर्थही बदलला. महायुद्ध आणि इन्फ्लूएंझाच्या साथीतून नुकत्याच बाहेर पडलेल्या जर्मनीत मुर्नाऊ यांचा ऑरलॉक उंदीर आणि प्लेग घेऊन आला. वेर्नर हर्झोग यांच्या १९७९ च्या आवृत्तीत क्लाऊस किन्स्की यांनी टक्कल आणि दात कायम ठेवले. पण मरण येत नाही म्हणून थकलेला, एकाकी जीव उभा केला. एगर्स यांनी कथेचे केंद्रच एलेन या नायिकेकडे वळवले. लिली-रोझ डेप यांच्या अंगात आल्यासारख्या झटक्यांच्या अभिनयावरही मतभेद झाले. कोणाला त्यात शोषणाची वेदना दिसली, कोणाला दडपलेली वासना, तर कोणाला निव्वळ अतिरेक!

या वादाने चित्रपटाचे नुकसान मात्र झाले नाही. सुमारे ५ कोटी डॉलर खर्चून बनलेल्या या चित्रपटाने जगभरात १८ कोटी डॉलरच्या आसपास कमाई केली. ऑस्करसाठी त्याला चार नामांकने मिळाली. पुरस्कार एकही हाती लागला नाही. पण त्या चार नामांकनांत रंगभूषा आणि केशभूषेचेही एक होते, हे मिशीवर रुसलेल्यांनी लक्षात घ्यायला हवे.

अर्थात, चाहत्यांची नाराजी निरर्थक नाही. आवडत्या चित्रपटावरचे प्रेमच तीतून बोलत असते. मात्र श्रेक यांचा चेहरा कोणीही हिरावून नेलेला नाही. १९२२ चा मूकपट आजही पाहता येतो. नव्या चित्रपटाला त्या चेहऱ्याशी ताडून पाहण्याऐवजी आपल्या काळाच्या कोणत्या भीतीला तो हात घालतो, हे तपासणे अधिक न्यायाचे ठरेल. मुर्नाऊ यांनीही स्टोकर यांच्या बाबतीत हेच स्वातंत्र्य घेतले होते.