नाकेबंदीतल्या चीनला समुद्रमार्गे : सोलापूरचे डॉ. कोटणीस, १९३८

१९३७च्या जुलैमध्ये जपानने चीनवर आक्रमण केले आणि ऑगस्टमध्ये चिनी किनाऱ्याची नाकेबंदी जाहीर केली. ही बंदी चिनी जहाजांना लागू होती. ब्रिटिश हाँगकाँग बंदर खुले असल्याने तिथून कँटन, म्हणजे आजचे ग्वांगझू, गाठता येई. कँटन ते हँकाऊ लोहमार्ग १९३६मध्ये पूर्ण झाला होता. चीनला बाहेरून मिळणारी बरीच मदत याच वाटेने आत जाई.

चिनी सेनानी चू ते यांनी पं. नेहरूंकडे वैद्यकीय मदत मागितली. काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक निवडले : अटल, चोळकर, कोटणीस, बसू आणि मुखर्जी. त्यांपैकी द्वारकानाथ कोटणीस १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात जन्मले होते. १ सप्टेंबर १९३८ रोजी पथक मुंबईहून ‘राजपुताना’ या प्रवासी जहाजाने निघाले आणि त्याच महिन्यात कँटनला पोहोचले.

२१ ऑक्टोबरला जपानने कँटन घेतले, पाठोपाठ हँकाऊही पडले आणि ही वाट बंद झाली. पथक तोवर देशाच्या आतल्या भागात सरकले होते. चुंगकिंगमार्गे ते फेब्रुवारी १९३९मध्ये येनानला पोहोचले. बाकीचे चौघे पुढे भारतात परतले. कोटणीस मात्र तिथेच राहिले, १९४१मध्ये बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी चीनमध्येच निवर्तले. ‘राजपुताना’ला एप्रिल १९४१मध्ये अटलांटिकमध्ये जर्मन पाणबुडीने बुडवले.