घाणेरीचा गुच्छ काय सांगतो?

घाणेरी तुम्ही नक्की पाहिली आहे. कुणी तिला टणटणी म्हणतं. गडाच्या पायवाटेवर, शेताच्या बांधावर, माळावर, जिथं बघाल तिथं ती असतेच. पान चुरगळून वास घ्या. घाणेरी हे नाव का पडलं ते लगेच कळेल!

पण आता एक गुच्छ अगदी जवळून बघा. फांदीला काटे असतात, हात जपून हं. ते एक फूल नाही, इवल्या इवल्या फुलांची दाटीवाटीनं बसलेली पंगत आहे. मधली पिवळी, कडेची गुलाबी. एकाच गुच्छात दोन रंग कसे? अहो, सगळी फुलं पिवळीच उमलतात! कडेची आधी उमलतात, मग हळूहळू नारिंगी होतात आणि शेवटी गुलाबी.

मध असतो तो ताज्या, पिवळ्या फुलांत. गुच्छापाशी पाच मिनिटं गप्प बसा आणि फुलपाखरू सोंड कुठं घालतं ते मोजा. बहुतेक वेळा पिवळ्यातच! मग जुनी फुलं झाड गाळून का टाकत नाही? कारण त्यांच्यामुळे गुच्छ मोठा दिसतो, लांबूनही नजरेत भरतो. लांबून बोलावतो सगळा गुच्छ, पण कुठं बसायचं ते सांगतो पिवळा रंग. मला ही युक्ती फार आवडते.

ही घाणेरी मुळात आपली नाहीच. ती अमेरिकेच्या उष्ण भागातली. 1809 च्या सुमारास कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात तिला शोभेसाठी आणलं. बागेतून ती रानात गेली ती पाखरांच्या पोटातून. बुलबुल, साळुंक्या तिची पिकलेली काळी फळं खातात आणि बिया दूरवर टाकतात. (हिरवी फळं विषारी असतात, तोंडात मुळीच घालू नका.) गुरं तिला सहसा तोंड लावत नाहीत, आणि तोडली तरी बुंध्यातून ती पुन्हा फुटते. मग ती जंगलात माजते, तिच्याखाली गवत उगवत नाही. हरणं, गवे, हत्ती यांनी खायचं काय? याचं मला खरंच वाईट वाटतं.

नीलगिरीतल्या आदिवासी कारागिरांनी मात्र हीच घाणेरी तोडून आणली. काड्या उकळल्या, साल सोलली, वाकवून वाकवून त्यांचे खऱ्याएवढे हत्ती उभे केले. 2021 मध्ये असे शंभराहून जास्त हत्ती लंडनच्या बागांत जाऊन उभे राहिले. प्रत्येक हत्ती रानातल्या एका खऱ्या, ओळखीच्या हत्तीवरून घडवलेला. त्यांत सुळेवाले होते, आया होत्या, आणि त्यांच्या पायांशी पिल्लंही होती.